उळवीच्या वाटेवरचे पिल्लू

माघी पौर्णिमेच्या सुमारास उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रांग लागते. धारवाड, बेळगाव या बाजूच्या खेड्यांतून निघालेल्या या गाड्या उळवीला चन्नबसवेश्वरांच्या जत्रेला चाललेल्या असतात. बाराव्या शतकात कल्याण नगरीत मोठी उलथापालथ झाली. तेव्हा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा हे शरणांच्या मेळाव्यासह दूरचा खडतर प्रवास करून या निबिड अरण्यात आले आणि येथेच समाधिस्थ झाले. त्या प्रवासाची आठवण म्हणून, हाताशी मोटारी असतानाही, अनेक कुटुंबे आजही बैलगाडीनेच येतात. या गाडीवानांची एक रीत मी कौतुकाने पाहत आलो आहे. मुक्काम कोठे करावयाचा हे ते घड्याळ पाहून ठरवीत नाहीत, बैलांकडे पाहून ठरवितात. पाणवठा दिसला की जू उतरते, ऊन चढले की गाडी झाडाखाली सुटते, आणि बैलांपुढे वैरण पडल्याखेरीज माणसांची चूल पेटत नाही.

श्रोतेहो, आज मला ज्या प्रवाशाविषयी बोलावयाचे आहे, तोही दूरचा पल्ला गाठून उळवीलाच गेला. मात्र तो गाडी ओढीत गेला नाही, टोपलीत बसून गेला. ते होते कुत्र्याचे एक पिल्लू. हल्ली नव्या घरासाठी दूरच्या गावाहून पिल्लू आणण्याची हौस वाढली आहे. पिल्लू कोणत्या जातीचे, त्याचे मोल काय, याची चौकशी आपण पुष्कळ करतो. ते घरापर्यंत आणावयाचे कसे, हा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री सुचतो. या निष्काळजीपणाची शिक्षा मी एकदा भोगली आहे; खरे म्हणजे ती माझ्या वाट्याची शिक्षा दुसऱ्याच कोणी भोगली. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगतो.

माझ्या मामांचे घर उळवीपासून थोड्या अंतरावर, सुपारीची बाग आणि भाताची खाचरे यांच्या मधोमध आहे. त्यांचा जुना कुत्रा एका पावसाळ्यात बिबट्याने ओसरीवरून उचलून नेला. मामींना त्याची फार चुटपुट लागली. त्याच सुमारास पुण्यात माझ्या एका स्नेह्याच्या कुत्रीला पिल्ले झाली होती. त्यांतील तांबूस रंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले एक पिल्लू मी मामींसाठी मागून घेतले. ते तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचे होते. लस टोचलेली नव्हती. मला सुटी होती चार दिवसांची. रात्रीच्या गाडीने बेळगाव, आणि तेथून दोन बस बदलून उळवी, असा मी बेत केला आणि तो तडीसही नेला. वाटेत एका बसस्थानकावर पिल्लू कुंईकुंई करू लागले, म्हणून त्याला खाली सोडले. तेथे चार-सहा मोकाट कुत्री वावरत होती. पिल्लाने जमीन हुंगली, कोणाच्या तरी उष्ट्या पत्रावळीला तोंड लावले. मला त्याचे हसू आले. संध्याकाळी मामींच्या ओटीत मी ते पिल्लू घातले, तेव्हा मोठी कामगिरी पार पाडल्याचे समाधान मला वाटत होते.

पाचव्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले. मग ओकाऱ्या, त्यामागून रक्ताचे जुलाब. पशुवैद्य तालुक्याच्या गावी. तेथे नेईपर्यंत एक दिवस गेला. सातव्या दिवशी पहाटे पिल्लू गेले. मी तोवर पुण्यास परतलो होतो. मामी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. पिल्लाची टोपली त्यांनी धुऊन, पुसून, पुढच्या पिल्लासाठी म्हणून माळ्यावर ठेवून दिली. पशुवैद्यांना हे कळले तेव्हा त्यांनी ती टोपली जाळून टाकावयास सांगितले. त्या टोपलीत जो शत्रू बसला होता, तो साध्या पाण्याने धुऊन जाणारा नव्हता.

त्या शत्रूचे नाव पार्व्हो. हा विषाणू १९७८ साली जगात प्रथम ओळखला गेला, आणि पाहता पाहता तो सर्व खंडांत पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत उतरतो आणि तेथे महिनेच्या महिने तग धरून राहतो. बसस्थानक, धर्मशाळेचे अंगण, रस्त्याकडेचे हॉटेल, जेथे जेथे अनोळखी कुत्री येतात, तेथे तेथे तो असू शकतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसावयास साधारणतः तीन ते सात दिवस लागतात. म्हणूनच पिल्लू घरी आले तेव्हा हसतखेळत होते, आणि पाचव्या दिवशी दगा झाला. बसस्थानकावरील ती दोन मिनिटे मी वाचविली असती, तर कदाचित पिल्लूही वाचले असते.

यावरून पहिला धडा हा की, पिल्लाचा प्रवास सुरू होतो तो ते टोपलीत बसते त्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी अगोदर. आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी जे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई आहे. या मर्यादेस शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाचा तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा सोयरीक जुळविण्याचा काळ असतो, असे त्यांना आढळून आले. या काळात आई आणि भावंडे यांच्याकडून ते कुत्र्यांची रीतभात शिकते आणि माणसाशी मैत्र जोडते. भावंडाला जोराने चावले तर खेळ मोडतो, हा धडा आईच्या कुशीतच मिळतो. ज्याला लवकर उचलले, त्याची ती शाळा अर्धीच सुटते.

दुसरी गोष्ट लसीची. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण हळूहळू ओसरत जाते. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस आणि पुढे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या लसी द्याव्या लागतात. लस टोचली आणि लगोलग निघाले, असे करूनही चालत नाही; अंगात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास थोडे दिवस जावे लागतात. शिवाय निघण्यापूर्वी पशुवैद्याकडून पिल्लू तपासून दाखला घ्यावा. जनावरांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ चे जे नियम आहेत, त्यांत कुत्र्या-मांजरांसाठी असा दाखला आवश्यक ठरविलेला आहे. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर जनावरासोबत त्याला अन्नपाणी देणारा माणूस हवा, असेही ते नियम सांगतात. कायद्याच्या रुक्ष भाषेत येथे आपल्या गाडीवानांचेच शहाणपण लिहिलेले आहे.

आता वाहनाचा विचार. रेल्वेत कुत्रा नेण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आपल्या नावे राखून त्याला जवळ बसवावे, किंवा गार्डाच्या डब्यातील पेटीत त्याला ठेवावे. मोठ्या, सवयीच्या कुत्र्याला पेटी सोसते. परंतु कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपलेल्या पिल्लाला लोखंडाच्या खडखडाटात, अंधारात, एकटे कोंडणे हे क्रौर्य आहे. आठ ते दहा आठवड्यांच्या वयात बसलेली धास्ती पुढे दीर्घकाळ राहू शकते. पुष्कळ कुत्री जन्मभर वाहन पाहताच थरथरतात, त्याचे मूळ अशा एखाद्या पहिल्या प्रवासात असते. बसमध्ये गर्दी आणि वाटेतल्या स्थानकांचा धोका. तेव्हा चार पैसे अधिक पडले तरी लहान पिल्लासाठी मोटार बरी, आणि सोबतीला दोन माणसे असावीत. एकाने गाडी हाकावी, दुसऱ्याने पिल्लू सांभाळावे. मांडीवर मोकळे ठेवू नये. अचानक थांबा लागला तर ते आपटते, किंवा घाबरून चालकाच्या पायांशी शिरते. हवा खेळेल अशी पेटी किंवा झाकणाची टोपली घ्यावी, आणि ती सीटच्या पट्ट्याने घट्ट बांधावी.

पिल्लाला गाडी लागते, आणि ती माणसापेक्षा लवकर लागते. कारण तोल सांभाळणारे कानाच्या आतील इंद्रिय त्या वयात पुरते तयार झालेले नसते. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन तास अगोदर हलके खाणे द्यावे, आणि तेही जुन्या घरी खात होते तेच. प्रवासात दूध पाजण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण अनोळखी दुधाने पोट बिघडते. पाणी मात्र थोडे थोडे वारंवार द्यावे. माणसांची झोपेची किंवा मळमळीची औषधे आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी गोळी कुत्र्याला विष ठरू शकते. चॉकलेट आणि मनुकादेखील त्याला बाधतात, हे लहान मुलांना बजावून ठेवावे. उन्हाळ्यात तर आणखी एक जपावे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीर थंड करते. बाहेर तीस अंश उष्णता असली, तरी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात ती पंचेचाळीस अंशांच्याही वर जाते. आपण पाच मिनिटांचा चहा म्हणून उतरतो, आणि ती पाच मिनिटे लांबतात.

सांभाळून नेलेले पिल्लू जगाच्या दुसऱ्या टोकालाही रुजते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ऑगस्ट १९६० मध्ये स्ट्रेल्का नावाची रशियन कुत्री अंतराळात जाऊन सुखरूप परतली. पुढे तिला पिल्ले झाली. त्यांतील पुशिंका हे पिल्लू १९६१ साली सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबास भेट म्हणून धाडले. दोन्ही राष्ट्रांत तेव्हा विलक्षण तणाव होता. तरी मॉस्कोचे ते पिल्लू वॉशिंग्टनच्या घरात रमले आणि १९६३ साली त्याच घरच्या चार्ली नावाच्या कुत्र्यापासून तिला चार पिल्ले झाली. आपल्याकडेही असा एक दूरचा प्रवास घडला आहे. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानात मालोजीरावांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांची जात आज सर्वत्र मुधोळ याच नावाने ओळखली जाते. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. २०१६ साली या जातीची काही पिल्ले सैन्यासाठी थेट मेरठ येथील रिमाउंट व पशुवैद्यक दलाच्या केंद्रात नेण्यात आली. कृष्णेच्या खोऱ्यातील कोरड्या माळरानावरून गंगा-यमुनेच्या दुआबात गेलेली ती पिल्ले तेथे शिक्षणाला बसली.

आमच्या मामांनाही एकदा मुधोळचेच पिल्लू आणावे असे वाटले होते. पशुवैद्यांनी त्यांना समजावले. मोकळ्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा धावण्यासाठी जो कुत्रा घडला, तो जोयड्याच्या दाट रानात आणि मुसळधार पावसात सुखी कसा व्हावा? शिवाय हे रान आता शिकारीचे राहिलेले नाही. १९५६ साली दांडेलीचे अभयारण्य झाले, २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव मिळाले. अशा रानाच्या कडेला धावरा कुत्रा नेणे म्हणजे त्याला रोज अपराध करावयास लावणे होय. तेव्हा साधे, दाट केसांचे, घर राखणारे पिल्लूच बरे, असे ठरले. आणि मामींनी आपली इच्छा सांगितली: आणावयाचे तर त्याच आईचे आणावे.

मध्ये दीड वर्ष गेले. त्या काळात अंगण उकरून उन्हे खाऊ दिले होते, फरशी विरंजक द्रवाने पुन्हा पुन्हा धुतली होती. पुण्याच्या कुत्रीलाही या वेळी अगोदर लस दिलेली होती. पिल्लू नऊ आठवड्यांचे झाले, पहिली लस टोचून दोन आठवडे लोटले, दाखला हाती आला, तेव्हा आम्ही दोघे मोटारीने निघालो. त्यापूर्वी आठवडाभर ती टोपली त्याच्या आईजवळ ठेवली होती. पिल्लू तिच्यात आपण होऊन झोपू लागले होते. आत जुन्या लुगड्याचा एक तुकडा घातला होता. त्याला आईचा वास लागला होता. गळ्यात पट्टा, आणि पट्ट्यावर मामांचा दूरध्वनी क्रमांक.

पहिल्या दिवशी बेळगावपर्यंतच जावयाचे ठरविले होते. दर दोन तासांनी थांबत होतो, पण या वेळी पिल्लाचे पाय परक्या मातीला लागू दिले नाहीत. गाडीतच जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या पसरून त्याची सोय केली. वाचून झालेल्या अंकांचा इतका चांगला उपयोग दुसरा मला ठाऊक नाही! रात्री बेळगावास एका आप्ताच्या घरी, जेथे कधी कुत्रा पाळलेला नव्हता अशा खोलीत, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूर, लोंढे, रामनगर अशी वाट धरली. रामनगर म्हणजे सुपा धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसांची वसाहत. गणेशगुडीवरून पुढे जाताना, ज्या सुपा गावावरून या तालुक्याचे जुने नाव पडले होते, ते गाव पलीकडच्या जलाशयात आहे, याची आठवण झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडून नव्या जागी श्वास घ्यावयास शिकणे काय असते, हे या मुलखातल्या माणसांना सांगावे लागत नाही. टोपलीतून आलेल्या बारीक हुंदक्याचा अर्थ मला त्या वाटेवर अधिक नीट कळला. रानातल्या वळणांवर पिल्लू दोनदा ओकले. आम्ही थांबलो, सावलीत इंजिन बंद केले, आणि ते स्वस्थ होईपर्यंत पाऊण तास बसून राहिलो. पहिल्या प्रवासात मी असा पाऊण तास कोणासाठी दिला नसता.

उळवीला दिवसाउजेडी पोहोचावे, हेही मुद्दाम ठरविले होते. नवे घर पिल्लाने आधी उजेडात पाहावे, मग अंधारात सोसावे. माणसांचा घोळका जमू दिला नाही. मामी एकट्याच पुढे आल्या, जमिनीवर बसल्या आणि पिल्लू आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहत राहिल्या. पहिल्या रात्री ते फार रडले. रडू द्यावे, म्हणजे सवय होते, असे काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. ज्याने काल आई सोडली, त्याच्याजवळ आज कोणीतरी असावे. मामींनी टोपलीशेजारी चटई टाकली आणि एक हात टोपलीत ठेवून त्या झोपल्या. तिसऱ्या रात्रीपासून रडणे थांबले. एक नियम मात्र घरात कायमचा झाला: दिवे लागले की कुत्रा ओसरीवर नाही, दाराच्या आत. बिबट्याच्या मुलखात साखळीने बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेले ताट.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज हे भाषण पुरे होणार नाही. आपण पिल्लू आणतो तेव्हा टोपलीत पिल्लू एकटेच येत नाही. त्याच्याबरोबर शहरातले रोगही येऊ शकतात. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या रानात डिस्टेंपर या रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तेथील एकतृतीयांश, मेले. आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांत हा रोग वावरत होता. २०१८ साली आपल्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही याच रोगाचा विषाणू आढळला. काळीच्या रानात वाघ आहेत, बिबटे आहेत, कोळसुंदी म्हणजे रानकुत्री आहेत. आपल्या पिल्लाची चुकलेली एक लस त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मामांनी पुढच्या दोन लसींच्या आणि पिसाळ रोगाच्या लसीच्या तारखांवर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तांबड्या खुणा केल्या, आणि सुपारीचा हंगाम ऐन भरात असतानाही त्या तारखा चुकविल्या नाहीत.

ते पिल्लू आता थोराड कुत्रा झाले आहे. गेल्या माघात मी उळवीला गेलो होतो. धारवाडकडची एक बैलगाडी पाण्यासाठी मामांच्या दाराशी थांबली. कुत्रा भुंकत फाटकापर्यंत गेला आणि मामींच्या एका हाकेसरशी परत फिरला. गाडीवान तहानलेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मामींनी त्याच्यापुढे तांब्या धरला. त्याने तो हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. बैलांची बादली भरली आहे ना, ते आधी वळून पाहिले. दूरच्या प्रवासाला जीव घेऊन निघणाऱ्या कोणालाही यापेक्षा अधिक काही शिकावयाचे आहे, असे मला वाटत नाही.